मागदा ओलिवेरो यांचा श्वास

आषाढ लागला की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातली पेटी दर वर्षी बंद पडते. दमट हवेत लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासू लागतात, आणि काळी दोन एकदा खाली गेली की बोटाने उचलल्याशिवाय वर येत नाही. त्यामुळे पावसाचे चार महिने पेटी खोक्यात घालून ठेवायची आणि गाण्याची भूक ऐकण्यावर भागवायची, असा आमच्याकडे जुना शिरस्ता आहे. यंदा पावसाळ्याला आत्या माहेरपणाला आली आहे. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती पडवीतल्या बाकड्यावर येऊन बसते आणि मी छोट्या स्पीकरवर काहीतरी लावते. एके दिवशी मी तिला एका इटालियन गायिकेचे गाणे ऐकवले. भाषा तिला कळत नव्हती, सुरांची चालही अनोळखी होती. गाणे संपल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "गो, ह्या बायेन श्वास खंय घेतल्यान?"

मागदा ओलिवेरो यांच्याबद्दल मी जे काही वाचले आणि ऐकले आहे, त्यात यापेक्षा नेमका प्रश्न मला सापडलेला नाही. हे लिहायला बसले आहे ते त्या प्रश्नापायीच.

ओलिवेरो यांचा जन्म 25 मार्च 1910 रोजी इटलीच्या वायव्येला, पिएमोंते प्रांतातल्या सालुत्सो या गावी झाला. वडील न्यायाधीश होते, घर सुशिक्षित होते आणि मुलीला संगीताचे पद्धतशीर शिक्षण मिळाले. तरीही सुरुवात नकारानेच झाली. तोरिनो शहराच्या रेडिओ केंद्रावर त्या आवाजाच्या चाचणीला गेल्या, तेव्हा या मुलीकडे आवाज नाही, सांगीतिक समज नाही आणि व्यक्तिमत्त्वही नाही, असा निकाल त्यांना ऐकवण्यात आला. गाण्याच्या तीनही अंगांनी एखाद्याला इतके साफ नाकारले गेल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. मात्र लुइजी जेरुस्सी नावाच्या शिक्षकांना त्या आवाजात काहीतरी जाणवले आणि त्यांनी या मुलीला शिकवायला घेतले. जेरुस्सी हे एकोणिसाव्या शतकातले नामवंत बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचे पुरुष गायक, आंतोनियो कोतोन्यी यांचे शिष्य. आपल्याकडे गायकाची ओळख करून देताना आधी गुरूचे आणि मग गुरूच्या गुरूचे नाव घेतात. ओलिवेरो यांची ओळखही तशीच करून द्यायला हवी, कारण जेरुस्सींनी त्यांना आवाज दिला नाही, श्वास दिला.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. ऑपेरात, म्हणजे गाण्यातून उलगडणाऱ्या पाश्चात्त्य नाटकात, ध्वनिक्षेपक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा असतो, त्याच्या पलीकडे दोन-तीन हजार माणसे बसलेली असतात, आणि गायिकेला निव्वळ स्वतःच्या शरीराच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असते. हे काम ओरडून होत नाही, कारण ओरडणारा गळा दोन वर्षांत संपतो. तोंडाच्या आणि घशाच्या पोकळीचा आकार सुराबरोबर असा बदलत न्यायचा की पोकळीचा घुमारा आणि सूर एकमेकांवर बसतील; मग थोड्या हवेतही आवाज वाद्यांवरून पुढे जातो. पण त्यासाठी हवा एकसारख्या दाबाने आणि कंजूषपणे बाहेर पडली पाहिजे. इटालियन शिक्षक याला 'अप्पोज्जो' म्हणतात, म्हणजे टेकणे, रेलणे. श्वास आत घेताना बरगड्या जशा फुलतात आणि छातीखालचा श्वासपटलाचा पडदा खाली उतरतो, ती स्थिती गातानाही शक्य तितका वेळ सोडायची नाही. छाती कोसळू द्यायची नाही. सूर जणू त्या धरून ठेवलेल्या श्वासावर रेलून उभा राहतो. आपल्याकडे यालाच दमसास म्हणतात, आणि पहाटेचा खर्ज भरताना आमच्या भजनीबुवांनीही हेच सांगितले होते, फक्त त्यांचे शब्द वेगळे होते: "पोट पुढे ठेव, पखवाजासारखे ताणलेले." या शिस्तीत जेरुस्सी अत्यंत कठोर होते, आणि पुढे आयुष्यभर ओलिवेरो आपल्या गाण्याचे सगळे श्रेय याच शिस्तीला देत राहिल्या. त्यांच्या मुलाखती पाहिल्या तर जाणवते की भूमिका, टाळ्या, नाट्यगृहे यांच्याविषयी त्या हसतमुखाने बोलतात, पण श्वासाचा विषय निघाला की हात आपोआप बरगड्यांवर जातात आणि चेहरा एकदम शिक्षिकेचा होतो.

1932 साली तोरिनो रेडिओवरून त्या पहिल्यांदा गायल्या आणि पुढच्याच वर्षी संगीतकार पुच्चिनी यांच्या एका छोट्या विनोदी ऑपेरातली लाउरेत्ता ही भूमिका करून रंगमंचावर आल्या. पुढची आठ वर्षे कामाची गर्दी होती. या काळातला सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे 1938 सालचे 'तुरांदोत'चे ध्वनिमुद्रण. पुच्चिनी 1924 मध्ये वारले तेव्हा हा ऑपेरा अपुरा होता. लिउ नावाची दासी आपल्या मालकाच्या मुलाचे नाव उघड होऊ नये म्हणून सर्वांदेखत स्वतःचा जीव घेते, त्या प्रसंगापर्यंतच त्यांचे लेखन पोचले होते. शेवट फ्रांको आल्फानो यांनी पूर्ण केला. 1926 च्या पहिल्या प्रयोगात लिउच्या मृत्यूनंतर वाद्यवृंदाचे संचालन करणाऱ्या तोस्कानिनी यांनी छडी खाली ठेवली आणि त्या रात्री पुढचे संगीत वाजलेच नाही. त्यानंतर बारा वर्षांनी हा ऑपेरा प्रथमच संपूर्ण मुद्रित झाला, तेव्हा लिउ गायल्या त्या अठ्ठावीस वर्षांच्या मागदा ओलिवेरो.

आत्याला हीच लिउ सगळ्यांत आवडली. जुन्या मुद्रणाची खरखर आहे, वाद्ये लांबून ऐकू येतात, पण आवाज पाण्यासारखा स्वच्छ आहे, आणि ओळीच्या शेवटी सूर मोठा न करता त्या तो बारीक करत नेतात, इतका की तो कधी थांबला ते सांगता येत नाही. माझी आवड वेगळी आहे, मला त्यांचे उत्तरकाळातले गाणे अधिक जवळचे वाटते. यावरून आमचा वाद झाला. आत्याचे म्हणणे असे की लिउ गाणारी मुलगी अजून कोणाला काही पटवून द्यायला निघालेली नाही, म्हणून तिचा सूर सरळ जातो. मला तिचे म्हणणे पटले नाही, पण ते मी विसरूही शकलेले नाही.

1941 मध्ये ओलिवेरो यांनी आल्दो बुश या उद्योजकाशी लग्न केले आणि रंगभूमी सोडली. वय एकतीस होते, आवाज ऐन भरात होता, आणि मागे केवळ आठ-नऊ वर्षांची कारकीर्द होती. पुढे दहा वर्षे त्या ऑपेराच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत.

त्यांच्या कोणत्याही चरित्रात ही दहा वर्षे एका वाक्यात आटोपलेली असतात. मी मात्र त्या वाक्यापाशी दर वेळी थांबते, कारण शेजारी आत्या बसलेली असते. ती अठराएक वर्षांची असताना गावच्या जत्रेत झालेल्या संगीत नाटकात नायिकेचे काम तिने केले होते. तोवर आमच्या गावात स्त्रीपार्ट पुरुषच करत आले होते. दशावतारात तर लुगडे नेसून, अंबाडा घालून उभा राहिलेला पुरुषच लोकांच्या डोळ्यांना सवयीचा होता. मुलीने रंगमंचावर जाऊन गाणे ही गोष्ट आजोबांनी मोठ्या हिमतीने होऊ दिली. त्या प्रयोगात तिला तीन वेळा वन्समोअर मिळाला, असे आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात. 1968 साली तिचे लग्न देवगडच्या बाजूला झाले. सासरची माणसे भली होती, कोणी तिला गाऊ नकोस असे म्हटले नाही. तिथे पेटी नव्हती, कोणी विचारले नाही, भातलावणी होती, आंब्याचा हंगाम होता, मुले होती, आणि गाणे आरतीपुरते उरले. कलेचा दरवाजा बहुतेक वेळा असाच लागतो, कोणी तो आपटून बंद करत नाही. ओलिवेरो यांच्याबद्दल वाचताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवत राहिले, आणि त्यांच्या बाबतीत तो दरवाजा कोणी ठोठावला ते वाचताना माझे डोळे भरून आले.

ठोठावणारे होते संगीतकार फ्रांचेस्को चिलेआ. त्यांचा 'आद्रियाना लेकुव्रर' हा ऑपेरा 1902 मध्ये मिलानला प्रथम झाला होता. लग्नापूर्वी ओलिवेरो यांनी त्यातली नायिका साकारली होती, आणि आद्रियाना खऱ्या अर्थाने कळली ती याच गायिकेला, असे या संगीतकाराचे मत झाले होते. म्हातारपणी, प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी ओलिवेरो यांना पुन्हा एकदा आद्रियाना गाण्याची विनंती केली. ओलिवेरो तयार झाल्या, अनेक वर्षांनी कसून मेहनत करू लागल्या, आणि 1951 मध्ये आद्रियाना होऊन रंगमंचावर परतल्या. चिलेआ नोव्हेंबर 1950 मध्येच गेले होते. ज्यांनी बोलावले त्यांनी ते गाणे ऐकले नाही.

आद्रियाना ही खरी होऊन गेलेली नटी. पॅरिसच्या राजनाट्यगृहातली ही थोर अभिनेत्री 1730 मध्ये वारली, तेव्हा ती नटी होती म्हणून चर्चने तिला धार्मिक दफन नाकारले. ऑपेरात तिची प्रतिस्पर्धी सरदारीण विष लावलेली व्हायोलेटची फुले पाठवून तिचा जीव घेते. पण मला सांगायचे आहे ते पहिल्या अंकाविषयी. नाटकाच्या प्रयोगापूर्वी रंगपटात लोक आद्रियानाची स्तुती करतात, आणि ती उत्तरादाखल गाते की मी निर्मात्याच्या प्रतिभेची साधी दासी आहे, तो मला शब्द देतो आणि मी ते हृदयांपर्यंत पोचवते. गीतकार कोलाउत्ती यांनी या गाण्याच्या शेवटी लिहिलेल्या ओळीचा अर्थ असा की माझा आवाज म्हणजे केवळ एक श्वास आहे, नवा दिवस उगवताच तो मरून जाईल.

आता ही ओळ कोण गात आहे ते पाहा. जिच्याकडे आवाज नाही असे सांगितले गेले, जिने श्वासातून आवाज घडवला, जी दहा वर्षे गप्प राहिली, आणि जिला परत बोलावणारा माणूस नुकताच गेला आहे, ती बाई हे गात आहे. शेवटच्या शब्दावर सूर वर चढतो, आणि तिथे ओलिवेरो तो हलकाच उचलतात, हळूहळू भरतात, मग पुन्हा इतका विरळ करत नेतात की समईची वात शांत होताना जशी दिसते तसे वाटते. या सबंध प्रवासात आवाज कुठे थरकत नाही, कुठे तुटत नाही. आत्याचा प्रश्न आला होता तो याच जागी.

1951 नंतरच्या ओलिवेरो मला अधिक प्रिय का, याचे उत्तर 1959 सालच्या एका मुद्रणात आहे. त्या नोव्हेंबरात नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात आद्रियानाचा प्रयोग ठरला होता. नायिका होत्या रेनाता तेबाल्दी, म्हणजे त्या काळचा इटलीतला सर्वांत मधुर मानला जाणारा आवाज. तेबाल्दी आजारी पडल्या आणि ऐन वेळी ओलिवेरो यांना उभे राहावे लागले. सोबत फ्रांको कोरेल्ली, जुलिएत्ता सिमिओनातो आणि एत्तोरे बास्तियानिनी, म्हणजे एकेक नाव भारी. तिसऱ्या अंकात आद्रियाना भर मेजवानीत प्रतिस्पर्धिनीकडे रोखून पाहत एका जुन्या शोकांतिकेतले स्वगत म्हणते. इथे संगीतकाराने गायिकेच्या तोंडी चाल ठेवलेलीच नाही, केवळ बोलणे ठेवले आहे आणि खाली वाद्ये सरकत असतात. बहुतेक गायिकांना ही जागा अडचणीची वाटते. ओलिवेरो मात्र तिथे सुरुवातीला जवळजवळ सहज बोलतात, मग एकेक शब्द जड होत जातो, स्वर छातीत उतरतो, आणि अखेरच्या ओळीला बोलणे कुठे संपले नि गाणे कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. नाट्यगृहात उसळलेला कल्लोळ मुद्रणातही ऐकू येतो.

हे मुद्रण कोणत्याही कंपनीने स्टुडिओत केलेले नाही. ओलिवेरो यांच्या एवढ्या लांब कारकिर्दीत संपूर्ण ऑपेराची व्यावसायिक स्टुडिओ-मुद्रणे दोनच झाली. एक 1938 चे 'तुरांदोत' आणि दुसरे 1969 मध्ये मारिओ देल मोनाको व तितो गोब्बी यांच्यासोबत केलेले जोर्दानो यांचे 'फेदोरा'. मधली तीस वर्षे मोठ्या कंपन्यांना त्यांची गरज वाटली नाही. बाकी जे उरले आहे ते नाट्यगृहात बसलेल्या रसिकांनी लपवून नेलेल्या यंत्रांवर टिपले, रेडिओवरून उतरवून घेतले आणि हातोहात पोचवले. आपल्याकडे जुन्या बैठकींच्या कॅसेट अशाच एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिल्या, कोणाच्या कपाटात बुरशी लागली, कोणाच्या समुद्राच्या खाऱ्या हवेने चिकटल्या, तरी जे वाचले ते अशाच वेड्या माणसांमुळे. ज्यांनी ते यंत्र कोटाखाली धरून ठेवले, त्यांचे मला ऋण वाटते.

त्यांच्या आवाजात उणीव नव्हती असे मी म्हणणार नाही. तेबाल्दींच्या आवाजातला मऊ गोडवा तिथे नाही. सुरात एक जलद कंप आहे, तो काही कानांना खटकतो, आणि मधल्या पट्टीत आवाज कधी कधी पातळ वाटतो. त्या अभिनय फार करतात, असाही आक्षेप घेतला गेला आहे. पण त्या ज्या परंपरेतून आल्या ती समजून घेतली की हा आक्षेप त्यांना लागू पडत नाही असे मला वाटते. 1890 च्या सुमारास इटलीत ऑपेरा राजेरजवाड्यांच्या कथा सोडून गावातल्या, बाजारातल्या माणसांच्या मत्सराकडे आणि वासनेकडे वळला. या प्रवाहाला 'वेरिस्मो', म्हणजे सत्यवाद, असे नाव आहे. तिथे सुंदर सूर हे साध्य नव्हते, शब्द खरा वाटणे हे साध्य होते. चिलेआंसारख्या त्या पिढीच्या संगीतकारांकडून ओलिवेरो यांनी भूमिका समक्ष समजून घेतल्या होत्या, त्या परंपरेच्या त्या शेवटच्या थोर प्रतिनिधी. नाट्यपद गाताना शब्द मोडून तान घ्यायची की तान आवरून शब्द पोचवायचा, हा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ओलिवेरो निःसंशय शब्दाच्या बाजूच्या, आणि या वादात मीही तिकडचीच आहे.

बाहेरच्या जगाला त्यांची दखल घ्यायला फार उशीर झाला. अमेरिकेत त्या प्रथम गायल्या 1967 मध्ये, डॅलसला, केरुबिनींच्या 'मेदेआ'त, सत्तावन्नाव्या वर्षी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांना बोलावले ते 1975 मध्ये, तेही मेरिलिन हॉर्न या अमेरिकन गायिकेने आग्रह धरला म्हणून. 3 एप्रिलला, पासष्टावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले असताना, त्या तिथे तोस्का झाल्या. तोस्का म्हणजे तरुण, मत्सरी, प्रेमात बुडालेली गायिका. ती दुसऱ्या अंकात खून करते आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी किल्ल्याच्या तटावरून उडी घेते. सुमारे 3,800 माणसांचे ते प्रचंड सभागृह, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय एक पासष्ट वर्षांची बाई गुडघ्यांवर येऊन देवाला विचारते आहे की मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, मग हे फळ का. पुढे 1979 मध्ये याच संस्थेच्या दौऱ्यात त्या पावारोत्तींबरोबर पुन्हा तोस्का गायल्या.

रंगभूमीचा निरोप त्यांनी 1981 मध्ये घेतला. त्यापूर्वी फ्रेंच संगीतकार पुलांक यांचा एकपात्री ऑपेरा त्या करत असत. त्यात सोडून गेलेल्या प्रियकराशी टेलिफोनवर बोलणारी एकटी स्त्री आहे, पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, आणि सुमारे चाळीस मिनिटे एकाच गायिकेने सगळे पेलायचे असते. 1983 मध्ये त्यांचे यजमान गेले. तरी गाणे थांबले नाही, आणि 1993 मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आद्रियानाचे काही भाग पियानोच्या साथीने मुद्रित केले.

8 सप्टेंबर 2014 रोजी मिलानमध्ये, वयाच्या एकशे चौथ्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही तारीख प्रथम वाचली तेव्हा मी उठून जुनी दिनदर्शिका काढली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आमच्या घरचा गणपती अकरा दिवसांचा. आत्या त्या वर्षी आली होती. विसर्जनाला निघण्यापूर्वीच्या शेवटच्या आरतीत सगळ्यांचे आवाज बसलेले असतात, मुले ओरडत असतात, झांजा बेताल झालेल्या असतात, आणि त्या सगळ्याच्या वरून तिचा एकटीचा सूर गेलेला मला स्पष्ट आठवतो.

परवा संध्याकाळी मी तिला 1993 चे मुद्रण लावून दिले आणि वय मात्र सांगितले नाही. वीज गेलेली होती, कौलांवर पावसाचा जोर होता, म्हणून स्पीकर तिच्या अगदी जवळ ठेवला. आत्याने डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला, जप करताना टेकवते तसा. शेवटचा सूर सुरू झाला आणि अंगठा पेरांवरून चालू लागला. करंगळी झाली, अनामिका झाली, अंगठा मधल्या बोटाच्या टोकाशी आला, आणि तिथेच थबकला. गाणे संपले तरी हात तसाच राहिला. मग मी सांगितले, की ही बाई त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांची होती, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी.

तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिले नाही. अंगठा पुन्हा करंगळीवर नेला.

"परत लाव गो," ती म्हणाली, "मोजताना चुकलंय."